आकडा १८, निदान चुकलेलं: किडनी शिकवायला वॉर्डात मोबाईल आणल्यावर घडलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात मी मेडिसिन शिकवते. हे प्रकरण आमच्याच युनिटमधलं आहे. रुग्ण आणि डॉक्टर ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत.

किडनीचा विषय आमच्या मुलांना अवघड जातो आणि आमच्या वॉर्डात तर तो बारा महिने समोर असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की यंत्रमागावर उभं राहणारे, बांधकामावर राबणारे लोक जुलाब-उलट्यांनी सुकून येतात. पावसाळ्यात घोणस चावलेले शेतकरी येतात, त्यातल्या काहींची लघवी बंद झालेली असते. मधुमेह, बीपी आणि मेडिकलमधून सुट्या घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या वर्षभर असतातच.

शिकवताना अडचण यायची ती सूत्रांपाशी, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (स्नायूंतून येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) किडनी किती काम करतेय ते काढणाऱ्या सूत्रांपाशी. १९७६ सालचं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र कागदावर मांडता येतं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. पण हल्ली ईजीएफआरसाठी, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाच्या अंदाजासाठी, वापरलं जातं ते २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र घातांकांनी भरलेलं आहे. ते तोंडी कोणालाच जमत नाही. म्हणून युनिटमध्ये ठरवलं की प्रत्येक इंटर्न आणि रेसिडेंटने फोनमध्ये कॅल्क्युलेटरचं एक अ‍ॅप ठेवायचं आणि त्याच्या जोडीला प्रश्नमंजूषेचं एक. अट एकच, दोन्ही नेटशिवाय चालली पाहिजेत. आमच्या वॉर्डाच्या भिंती इतक्या जाड आहेत की खिडकीपासून दोन खाटा आत गेलं की रेंज जाते.

पहिले दोन महिने फार चांगले गेले. ज्या मुली किडनीचं नाव काढलं की मागच्या रांगेत सरकायच्या, त्या पुढे येऊन आकडे सांगू लागल्या. राऊंडला माझा पहिला प्रश्न असायचा, "ईजीएफआर किती?" जो आधी सांगेल त्याला मी शाबासकी द्यायचे. पुढच्या गोष्टीत माझ्या या सवयीचा मोठा वाटा आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

काय घडलं

एप्रिलचा शेवटचा आठवडा, आमचा इमर्जन्सीचा दिवस. रात्री साडेनऊच्या सुमारास पूर्व भागातले ५४ वर्षांचे एक गृहस्थ आले, टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवणारे. तीन दिवस जुलाब, दोन दिवस उलट्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. बीपी ९४/६०. वजन ५८ किलो. कॅज्युअल्टीत एक सलाईन गेल्यावर बीपी थोडं सावरलं आणि त्यांना वॉर्डात हलवलं. अकराच्या पुढे रिपोर्ट आला: क्रिएटिनिन ३.८, पोटॅशियम ५.४.

इंटर्नने आम्ही शिकवलं होतं तेच केलं. फोन काढला, वय, लिंग, क्रिएटिनिन भरलं. आकडा आला १८. अ‍ॅपने खाली रंगीत पट्टीत 'जी ४' असंही दाखवलं. तिने केस पेपरवर नीट, ठळक अक्षरांत लिहिलं, 'सीकेडी स्टेज ४', म्हणजे जुनाट किडनीविकार, चौथा टप्पा.

मध्यरात्रीनंतर रेसिडेंट त्या खाटेपाशी पोचला. त्याच्या हाताखाली तेव्हा वॉर्ड भरलेला होता आणि शेजारच्या खाटेवर दम लागलेला पेशंट होता. त्याने पेपर वाचला. जुनाट किडनीच्या पेशंटला सलाईन भराभर दिलं तर फुप्फुसात पाणी भरतं, हे त्याच्या मनात पक्कं होतं. त्याने सलाईनचा वेग अगदी कमी केला आणि दिवसाला एक लिटरची मर्यादा लिहिली. निदान बरोबर असतं तर ती काळजी योग्य ठरली असती.

पहाटे पत्नीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं गेलं, "किडनी खूप खराब झालीय, पुढे डायलिसिस लागू शकतं." तिला मराठी बेताचंच येतं. वॉर्डातल्या मावशींनी ते तेलुगूत सांगितलं आणि सांगता सांगता वाक्य आकसून दोन शब्दांचं झालं: "किडनी पोयिंदी." किडनी गेली. सकाळी मी राऊंडला पोचले तेव्हा खाटेभोवती सात-आठ नातेवाईक उभे होते आणि थोरला मुलगा स्वतःची किडनी देता येईल का, हे सिस्टरना विचारत होता.

राऊंडला काय दिसलं

मी पेपर वाचला आणि आधी जिभेकडे पाहिलं. कोरडीठाक. पोटावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. लघवीची पिशवी उचलून पाहिली: बारा तासांत १८० मिली, रंग कडक चहासारखा. ५८ किलोच्या माणसाला तासाला निदान २९ मिली तरी व्हायला हवी; इथे १५ होत होती. पायांवर सूज नाही, छातीत पाणी नाही.

"जुने कागद आहेत का?" असं मी विचारल्यावर पत्नीने खाटेखालून दुकानाची कॅरीबॅग ओढली. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, गोळ्यांची अर्धी पाकिटं, एक एक्स-रे आणि घडी घालून घालून कापडासारखा मऊ झालेला एक लॅब रिपोर्ट होता. पाच महिन्यांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेला. क्रिएटिनिन १.०. त्या आकड्यावर ईजीएफआर येतो सुमारे ८९.

म्हणजे पाच महिन्यांपूर्वी ही किडनी चांगली होती. सोनोग्राफीतही दोन्ही किडन्यांचा आकार नेहमीसारखा आला. जुनाट आजारात त्या बहुधा आकसतात, पण मधुमेहासारख्या काही आजारांत आकसत नाहीत, म्हणून एकट्या सोनोग्राफीवर मी भरवसा ठेवला नसता. इथे मात्र जुना रिपोर्ट हातात होता.

पिशवीतल्या गोळ्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. एक बीपीची, तेलमिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली. दुसरी डायक्लोफेनॅक, पाठदुखीसाठी आठवडाभर दिवसातून दोनदा. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी आत येणारी नळी रुंद ठेवते, बाहेर जाणारी आवळते आणि कसाबसा दाब टिकवते. डायक्लोफेनॅक पहिल्या नळीचं रुंद होणं अडवतं, तेलमिसार्टन दुसरीचं आवळणं अडवतं, आणि लघवी वाढवणारं औषध अंगातलं पाणी आणखी कमी करतं. त्यात तीन दिवसांचे जुलाब. अ‍ॅपमध्ये यातलं काही भरायला रकानाच नव्हता.

निदान बदललं: किडनीला अचानक झालेली इजा, केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी-मार्गदर्शक संस्थेच्या वर्गवारीत तिसरा टप्पा, कारण क्रिएटिनिन आधीच्या तिपटीहून जास्त. दोन्ही प्रकारच्या गोळ्या बंद केल्या. सलाईन वाढवलं, दर दोन तासांनी छाती तपासत. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढला, तो ठीक होता. त्या सकाळी क्रिएटिनिन ४.४ झालं होतं, दुसऱ्या दिवशी ४.१, मग २.९, १.८. डायलिसिस लागलं नाही. सातव्या दिवशी १.५ वर ते घरी गेले.

रात्री सलाईन व्यवस्थित चालू राहिलं असतं तर ४.४ पर्यंत चढलं असतं का? कदाचित तरीही चढलं असतं. पण आठ-नऊ तास त्या माणसाला हवं होतं ते पाणी मिळालं नाही, एवढं खरं आहे.

चूक नेमकी कुठे होती

अ‍ॅपचं गणित बिनचूक होतं. मी नंतर हाताने मांडून पाहिलं, १८ च येतं. चूक होती सूत्र कुठे लावायचं याची. ईजीएफआरची सगळी सूत्रं एक गोष्ट गृहीत धरतात: क्रिएटिनिन स्थिर आहे, स्नायूंतून जितकं रक्तात येतं तितकंच लघवीवाटे जातं. अचानकच्या इजेत तसं नसतं.

मुलांना हे पटवायला मी आता एकच उदाहरण घेते. याच ५४ वर्षांच्या माणसाच्या दोन्ही किडन्या आज सकाळी पूर्ण बंद पडल्या असं समजा. किडनी शून्यावर आली तरी क्रिएटिनिन एका दिवसात साधारण एक-दीडनेच वाढतं. म्हणजे उद्या सकाळी ते २ च्या आसपास असेल. अ‍ॅपमध्ये २ भरा: ईजीएफआर ३९. खरा आकडा शून्य आणि पडदा दाखवतो ३९! बरं होताना उलट घडतं, किडनी सावरलेली असते आणि क्रिएटिनिन खाली यायला वेळ लागतो, म्हणून अ‍ॅप खऱ्यापेक्षा कमी दाखवतं.

दुसरी गोष्ट व्याख्येतच आहे. जुनाट किडनीविकार म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. पहिल्याच रात्री, एकाच रिपोर्टवर, जुने कागद न बघता ते नाव लिहिताच येत नाही. त्या इंटर्नला ही व्याख्या पाठ होती. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर तिने ती घडाघडा म्हणून दाखवली आणि रडू लागली. पाठ असलेली व्याख्या आकड्याच्या वेगापुढे मागे पडली, आणि तो वेग मीच शिकवला होता.

समोरचे पर्याय

त्याच आठवड्यात आम्ही बसलो. ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी एक सर स्पष्ट म्हणाले, राऊंडला फोन बंद. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. खाटेपाशी इंटर्न मान खाली घालून फोनमध्ये बघत असेल तर नातेवाइकांना ती गेम खेळतेय असंच वाटतं, आणि तिची नजर जिभेवर, पायांवर, पिशवीवर जात नाही ती नाहीच. पण फोन बंद केला तर मुलं बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन तोच आकडा काढतील, तोही आम्हाला न दिसता. शिवाय डोस ठरवायला गणित लागतंच. बंदी मला पटली नाही.

दुसरा पर्याय होता स्वतःचं अ‍ॅप बनवण्याचा. एका रेसिडेंटचा भाऊ इंजिनीअरिंगला होता, तो सुट्टीत करून द्यायला तयार होता. मराठी, तेलुगू, कानडीत प्रश्न, आपल्या भागातली प्रकरणं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण २००९ च्या सूत्रात वंशाचा गुणक होता, २०२१ च्या सूत्रात तो काढला गेला; असे बदल होतच राहणार. तो मुलगा नोकरीला लागल्यावर आमचं अ‍ॅप कोण सुधारणार? जुनं सूत्र घेऊन फिरणारं अ‍ॅप फोनमध्ये असण्यापेक्षा नसलेलं बरं. तो विचार बाजूला ठेवला.

किडनीतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवा, असंही सुचलं. ते ठेवलं आणि छान झालं. पण इंटर्नची तुकडी काही आठवड्यांनी बदलते, व्याख्यान भिंतीवर चिकटून राहत नाही.

चौथा पर्याय सगळ्यात साधा होता: अ‍ॅप राहू द्यायचं, फक्त क्रम बदलायचा.

काय केलं

आम्ही पोस्टकार्डाएवढा एक कागद छापला. त्यावर मराठीत तीन प्रश्न. आधीचं क्रिएटिनिन कुठे आहे, किती आणि कधीचं? लघवी तासाला किती होतेय? कोणकोणत्या गोळ्या पोटात गेल्या, मेडिकलमधून घेतलेल्या धरून? ही तीन उत्तरं पेनाने लिहिल्याशिवाय फोन अ‍ॅप्रनच्या खिशातून काढायचा नाही. आणि क्रिएटिनिन चढतं किंवा उतरतं असेल तर ईजीएफआर पेपरवर लिहायचाच नाही, त्या जागी क्रिएटिनिन आणि लघवीचे आकडे वेळेसकट लिहायचे.

पहिल्या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. जुनं क्रिएटिनिन म्हणजे शोधकाम असतं. ते ऑपरेशनच्या फाईलमध्ये, बाळंतपणाच्या कार्डात, कुठल्या तरी शिबिराच्या चिठ्ठीत सापडतं. "जुने रिपोर्ट आहेत का?" म्हटलं की लोक नाही म्हणतात. "कधी ऑपरेशन झालं होतं का? तेव्हा रक्त काढलं होतं का? तो कागद घरी असेल तर फोटो मागवा" असं विचारलं की निघतो. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये शिकायला मिळत नाही आणि आमच्या पुस्तकांतही नाही.

फोन वापरण्याची रीतही ठरवली. खाटेपाशी वापरताना पेशंटला सांगायचं, "काका, तुमच्या औषधाचा डोस किती द्यायचा ते काढतोय," आणि पडदा त्यांच्याकडे वळवायचा. युनिट तपासायला शिकवलं, कारण काही अ‍ॅपमध्ये क्रिएटिनिनचं माप मायक्रोमोलमध्ये असतं आणि आपला १ म्हणजे तिथला ८८.४. प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपवर आम्ही आमचीच प्रकरणं घालू लागलो, नाव, गाव, खाटेचा नंबर, रिपोर्टवरचा बारकोड काढून टाकून. त्यात मुद्दाम असे प्रश्न ठेवले ज्यांचं उत्तर 'ईजीएफआर काढू नका' असं आहे.

नातेवाइकांशी बोलण्याबद्दल एक नियम केला. 'सीकेडी' किंवा 'किडनी गेली' या अर्थाचं काहीही पहिल्या रात्री इंटर्न किंवा रेसिडेंटने एकट्याने सांगायचं नाही. पत्नीला मी दुसऱ्या दिवशी बाकावर बसवून, तेलुगू येणाऱ्या सिस्टरना शेजारी घेऊन, पिशवीतला १.० चा कागद दाखवत समजावलं. त्या बराच वेळ तो कागद हातात धरून बसल्या. मग विचारलं, "अक्का, मग पोराची किडनी नको ना?"

परिणाम

सहा महिन्यांनंतर काय बदललं होतं? दिवसा, राऊंडला, खूप काही. रात्री दोन वाजता, थोडंच. कागद भरलेले असायचे, पण काहींवर पहिल्या प्रश्नापुढे 'माहीत नाही' एवढंच, आणि विचारलंच नव्हतं हे अक्षरावरून कळायचं. तुकडी बदलली की पहिला आठवडा पुन्हा शून्यातून सुरू व्हायचा.

पण एक प्रसंग मला धरून ठेवावासा वाटतो. ६२ वर्षांच्या एक आजी, आयुष्यभर विड्या वळलेल्या, वजन ३६ किलो. लघवीच्या मार्गातल्या संसर्गासाठी अमिकासिन हे किडनीवाटे बाहेर पडणारं अँटिबायोटिक द्यायचं होतं. क्रिएटिनिन ०.९, कालही आणि महिनाभरापूर्वीही तेवढंच, म्हणजे आकडा स्थिर. अ‍ॅपवर ईजीएफआर ७२. रेसिडेंट नेहमीच्या अंतराने डोस लिहायला निघाला तेव्हा इंटर्न म्हणाली, "सर, आजींचे दंड बघा." तिने कॉक्रॉफ्ट-गॉल्टने काढलं होतं: ३७. ईजीएफआर १.७३ चौरस मीटरच्या शरीरासाठी मोजलेला असतो, आणि आजींचं अंग त्यापेक्षा कितीतरी लहान. शिवाय स्नायूच इतके कमी की क्रिएटिनिन मुळात थोडं बनतं आणि किडनी खऱ्यापेक्षा चांगली दिसते. दोन डोसमधलं अंतर वाढवलं. दोन्ही आकडे अ‍ॅपनेच दिले होते; कुठला घ्यायचा हे तिने आजींच्या दंडांवरून ठरवलं.

लूमवाले काका तीन महिन्यांनी तपासणीला आले. क्रिएटिनिन १.१. मला फार बरं वाटलं. मग बोलता बोलता कळलं की मधल्या काळात खोकल्यासाठी ते घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पिशवीतला आमच्या पहिल्या रात्रीच्या पेपरचा फोटो पाहिला, 'सीकेडी स्टेज ४' वाचलं आणि पाणी कमी प्यायला सांगितलं. हे गृहस्थ मे महिन्यात, लूमच्या शेडमध्ये, दिवसाला मोजून दोन तांबे पाणी पीत होते. आम्ही वॉर्डात निदान बदललं, पण मुलाच्या फोनमधला फोटो तसाच राहिला होता.

आज वेगळं काय करेन

अ‍ॅप आणायच्या आधी मी माझा राऊंडचा पहिला प्रश्न बदलेन. आता तो असतो, "आधी किती होतं?" आकडा आधी सांगणाऱ्याला शाबासकी देणंही मी बंद केलंय.

अ‍ॅपची ओळख करून देताना पहिल्याच दिवशी ते चुकतं अशी दोन उदाहरणं दाखवेन, ३९ चं आणि ७२ चं. आम्ही उलट केलं: आधी त्याची किमया दाखवली आणि मर्यादा अपघातानंतर शिकवल्या. रात्रीच्या रेसिडेंटलाही मी या शिकवण्यात सुरुवातीपासून घेतलं असतं. आम्ही इंटर्नना तयार करत बसलो, आणि सलाईनचा वेग ज्याच्या हातात होता त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

आणि चुकीचं निदान पेपरवर नुसतं खोडून चालत नाही. आता असा पेशंट घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर वेगळी ओळ लिहितो: 'किडनीला तात्पुरती इजा झाली होती. जुनाट किडनीविकार असल्याचं ठरलेलं नाही. पाणी तहानेप्रमाणे, बंधन नाही. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या टाळाव्यात. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन.' ती ओळ पेशंटला वाचून दाखवतो, लागली तर तेलुगूत किंवा कानडीत, आणि मुलाच्या फोनमधला जुना फोटो काढून त्या जागी या कार्डाचा फोटो घ्यायला लावतो.